दाखल्यावरची एक रेघ

माझ्याकडे भाषांतराला येणाऱ्या कागदांमध्ये शाळा सोडल्याचे दाखले सर्वांत जास्त असतात. बहुतेकांची घडी चौपदरी असते आणि घडीच्या जागी मागून चिकटपट्टी लावलेली असते. वर्तणूक ‘चांगली’, अभ्यासातील प्रगती ‘समाधानकारक’, शाळा सोडण्याचे कारण ‘पुढील शिक्षणासाठी’. हा मजकूर इतका ठरलेला आहे की एखाद्या दाखल्यावर प्रगती ‘उत्तम’ दिसली तर मी तो कागद दुसऱ्यांदा तपासते.

अकोल्याच्या एका दैनिकात मी बरीच वर्षे उपसंपादक होते. ते काम सुटल्यावर अमरावतीला आले आणि परदेशी जाणाऱ्या लोकांच्या कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरे करू लागले. काम बाहेरून सोपे दिसते. डावीकडे मराठी कागद, उजवीकडे इंग्रजी. शेवटी ‘मुळाशी ताडून पाहिले’ असे लिहून सही आणि शिक्का. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला यांत फारसे अडत नाही. जगात सगळीकडे माणसे जन्मतात आणि लग्ने करतात, आणि त्यासाठी इंग्रजीत सगळीकडे जवळपास तेच शब्द आहेत. शाळेचे तसे नाही. इंग्रजी बोलणाऱ्या प्रत्येक मुलखाने शाळेसाठी आपापली नावे ठरवली आहेत, आणि प्रत्येकाला वाटते की आपलेच नाव साऱ्या जगात चालते.

उदाहरणे द्यायला लागले तर हा लेख त्यातच संपेल. इंग्लंडमध्ये पब्लिक स्कूल म्हणजे भरमसाट फीची खासगी शाळा. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी, फुकट शाळा. अकोल्यात पब्लिक स्कूल म्हणजे शहराबाहेर, शेत अकृषक करून उभी राहिलेली इमारत आणि तिच्या पिवळ्या बसगाड्या. अमेरिकेतला माणूस विद्यापीठालाही बिनदिक्कत स्कूल म्हणतो. आमचा मुलगा दहावी झाला की दुसऱ्या दिवसापासून कॉलेजकुमार होतो. त्याच वयाचा अमेरिकन मुलगा अजून दोन वर्षे हायस्कूलमध्येच असतो. इयत्तेला स्टँडर्ड म्हणणारे लोक आपण. बाहेर कुठे ग्रेड, कुठे इयर.

आणि मग कॉन्व्हेंट. बाहेरच्या वाचकासाठी सांगते: वऱ्हाडात तीन-चार वर्षांचे मूल ज्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते तिला कॉन्व्हेंट म्हणतात. तिचा चर्चशी संबंध असण्याची गरज नाही. देवाचे नाव, आजोबांचे नाव, संस्थापकाच्या आईचे नाव, यांपैकी काहीही पुढे लागते. “पोरगं कॉन्व्हेंटले जाते” याचा अर्थ पोरगे टाय लावून रिक्षात बसते, एवढाच.

धामणगाव रेल्वेचे एक धान्याचे अडते माझ्याकडे आले होते. मुलगा आयर्लंडला नोकरीला, आता सून आणि नातू निघाले होते. तिकडच्या शाळेला नातवाच्या आधीच्या शाळेची माहिती हवी होती.

“मॅडम, कॉन्व्हेंट लिहा,” ते म्हणाले. “बोर्डावर तेच हाय.”

मी विचारले, शाळा कोण चालवते?

“आमच्या गल्लीतले मास्तर. घराच्या वरतं दोन खोल्या काढल्या त्याइनं.”

“तिथे नन आहेत का?”

“नन कोन?”

मी समजावून सांगितले, की आयर्लंडमध्ये कॉन्व्हेंट म्हणजे चर्चच्या जोगिणींचा मठ. त्या लग्न करत नाहीत, मठातच राहतात आणि त्यांतल्या पुष्कळ जणी शिकवतात.

“मॅडम, तिथं आमची सूनच शिकवत होती,” ते म्हणाले. “तिले तसलं काही लिहू नका बरं. पोराले वाईट वाटन.”

मी ‘खासगी बालवाडी, इंग्रजी माध्यम’ अशा अर्थाचे लिहून दिले. ते खूश होऊन गेले. मीही खूश होते. तिकडच्या माणसाला समजेल असा शब्द शोधणे हेच आपले काम, अशी माझी त्या वेळी खात्री होती.

ही खात्री वर्तमानपत्रात तयार झाली. नवीन होते तेव्हा लंडनहून आलेली एक बातमी मी भाषांतरित केली होती. तिथल्या पब्लिक स्कूलांची फी वाढल्याची बातमी. मी ‘सार्वजनिक शाळा’ लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त मास्तर कात्रण घेऊन कार्यालयात हजर झाले. “सार्वजनिक शाळेले एवढी फी कशी काय बाप्पा?” त्यांनी विचारले. आतल्या पानावर, तळाशी, बारीक टायपात दुरुस्ती छापली गेली. वृत्तसंपादकांनी मला बोलावून एकच वाक्य सांगितले, “वाचकाला अडखळू देऊ नका.” शब्द मूळचा असो नसो, वाचकाला वाचता वाचता थांबावे लागले तर ती तुमची चूक. त्यांचे आणखी एक शिकवणे होते: एका अंकात एकच नाव. पहिल्या पानावर महाविद्यालय आणि पाचव्या पानावर कॉलेज चालणार नाही. या दोन नियमांवर मी इतकी वर्षे पगार घेतला. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी मानते. पण याच दोन नियमांमुळे एका मुलीची वाट अडली. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

तिचे नाव प्रज्ञा वानखडे. भातकुलीची. वडील पंचायत समितीत शिपाई होते. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. तिने अमरावतीला नर्सिंगची पदवी घेतली, मग अकोल्याच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात काही वर्षे काम केले. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाने तिची निवड केली होती. पण तिथे नर्स म्हणून नोंदणी व्हायला आधी एका संस्थेकडून शिक्षणाची तपासणी करून घ्यावी लागते. पदवीचे कागद तर लागतातच, शिवाय शालेय शिक्षण पूर्ण झाल्याचा पुरावाही लागतो. तो पुरावा म्हणजे तिचे दोन दाखले, दहावीनंतरचा आणि बारावीनंतरचा. दोन्हींचे भाषांतर मी केले.

तिच्या भातकुलीच्या शाळेच्या फाटकावर दोन ओळींचे नाव रंगवलेले आहे. वरच्या ओळीत विद्यालय, खालच्या ओळीत कनिष्ठ महाविद्यालय. मी विचार केला, की अकरावी-बारावी अमेरिकेत हायस्कूलमध्येच असते. कनिष्ठ महाविद्यालयाला ज्युनिअर कॉलेज लिहिले तर तिकडचा माणूस गोंधळेल. त्यांच्याकडे ज्युनिअर कॉलेज ही हायस्कूलनंतरची दोन वर्षांची वेगळी पायरी आहे. म्हणून मी दोन्ही दाखल्यांवर हायस्कूल लिहिले. वाचक अडखळणार नव्हता. एका अंकात एकच नाव होते. सही केली, शिक्का मारला.

दोन महिन्यांनी, मे महिन्यात, प्रज्ञा अकोल्याहून सकाळच्या गाडीने आली. रात्रपाळी करून आली होती हे मला नंतर कळले. तिच्या हातात तपासणी संस्थेच्या पत्राची छापील प्रत होती.

पत्रात तीन प्रश्न होते. अर्जात उमेदवाराने दोन वर्षे ज्युनिअर कॉलेजात शिकल्याचे लिहिले आहे, भाषांतरात त्याच वर्षांसाठी हायस्कूल आहे, यांतले खरे कोणते? दोन्ही दाखल्यांवर सही एकाच व्यक्तीची दिसते, पण एकावर ती मुख्याध्यापक आहे आणि दुसऱ्यावर प्राचार्य, हे कसे? आणि ही एकच संस्था असेल, तर विद्यार्थिनीने ती जूनमध्ये सोडली आणि त्याच महिन्यात तिथेच पुन्हा प्रवेश घेतला, याचा अर्थ काय? उत्तर शिक्षणसंस्थेकडून सीलबंद पाकिटात यावे. तोवर अर्ज थांबवला आहे. कागदांतली विसंगती दूर झाली नाही तर तो बंद केला जाईल.

प्रज्ञाची इंग्रजीची परीक्षा झाली होती आणि त्या निकालाची मुदत संपायला सहा आठवडे उरले होते. मुदत गेली की परीक्षा पुन्हा, आणि रुग्णालय तोवर थांबणार नव्हते. त्यांनी तसे कळवले होते.

मी पत्र दोनदा वाचले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात कोणीही देईल. दहावी झाली की दाखला काढावाच लागतो. अकरावी त्याच आवारात, त्याच इमारतीत असली तरी मूल कागदोपत्री शाळा सोडते आणि कॉलेजात दाखल होते. दोन्हींची नोंदवही वेगळी. एकच बाबू आपल्या हाताने एका वहीतून नाव काढतो आणि दुसऱ्या वहीत घालतो. आपल्याला यात विचित्र काही वाटत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते खोट्या कागदांसारखे दिसते. पण तो प्रश्न पडला होता माझ्या भाषांतरामुळे. मी ज्युनिअर कॉलेज लिहिले असते तर त्यांना दोन संस्था दिसल्या असत्या आणि तिच्या अर्जाशी ते जुळले असते. मी दोन्हींना एक नाव दिले आणि तिने अर्जात काय लिहिले आहे हे विचारलेसुद्धा नाही. बातमीतल्या माणसाला विचारायची सवय असते. भाषांतरातल्या माणसाला विचारायचे असते हे मला सुचले नव्हते.

“मॅडम,” प्रज्ञा म्हणाली, “तुमी हायस्कूल काहून लिहिलं?” तिच्या आवाजात राग नव्हता. पेशंटला कुठे दुखते हे विचारावे तसा प्रश्न होता.

“तिकडच्या माणसाला समजावं म्हणून.”

“पन मी तं कॉलेजात शिकली. अकरावीले नाव लागलं तवा बाबा पंचायत समितीत टेबलाटेबलावर सांगत फिरले, पोरगी कॉलेजात गेली मनून. सायकल घेतली होती मले.”

मी म्हटले, चूक माझी आहे, आजच नवे भाषांतर करून देते, जुने रद्द समजा. वर्तमानपत्रात असेच असते. उद्याचा अंक निघाला की आजचा रद्दीत.

प्रज्ञाने मान हलवली. “नवीन कागद पाठवला तं ते मनतीन, आता तिसरा कागद आला. जुना तं त्याइच्यापाशी हायच ना.”

“मग?”

“आमच्या वॉर्डात व्हाइटनर चालत नाई, मॅडम. चार्टवर चुकलो तं एक आडवी रेघ मारतो. खालचं वाचता आलं पाह्यजे. बाजूले बरोबर काय ते लिहितो आन् सही करतो. मोठ्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, चूक दिसली तं डॉक्टर भरोसा ठेवते, लपवलेली दिसली तं पूरा चार्टच गेला.”

मला त्याच दैनिकातली ती तळाची दुरुस्ती आठवली. तिच्यात मूळ चूक काय होती हेही आम्ही लिहिले नव्हते. ‘अमुक बातमीत अनवधानाने त्रुटी राहिली’ एवढेच.

माझ्या भाषांतराची प्रत मी फाइलमधून काढली. ज्या दाखल्यावर कनिष्ठ महाविद्यालय होते, तिथल्या हायस्कूल या शब्दावर एक आडवी रेघ मारली. बाजूला मूळ शब्द रोमन अक्षरांत, जसाच्या तसा, लिहिला. खाली एक वाक्य: हा शब्द मूळ कागदावर नाही, वाचकाच्या सोयीसाठी मी तो घातला होता, तसे करणे चूक होते. सही केली. त्याच तपासणी संस्थेकडे माझ्या शिक्क्याचे आणखी काही जणांचे कागद होते. हे वाक्य वाचून ते बाकीचे कागदही बाजूला काढू शकले असते. हे मी प्रज्ञाला सांगितले नाही. तिच्यापुढे तिचीच काळजी पुरेशी होती.

आता शाळेचे पत्र हवे होते, आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मुख्याध्यापक अमरावतीत राहत होते, ते फोनवर लगेच तयार झाले. पण नोंदवह्यांच्या कपाटाची किल्ली गावंडे बाबूंकडे, आणि गावंडे बाबू भाचीच्या लग्नाला अचलपूरला. शाळेच्या कारकुनाला आमच्याकडे बाबूच म्हणतात. फोन केला तर उचलत नव्हते. उचलला तेव्हा मागे बँड वाजत होता आणि “हॅलो, हॅलो, जेवाले या” एवढे बोलून ठेवला.

प्रज्ञा म्हणाली, “बलावलंच हाय तं जाऊ.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने अचलपूरला गेलो. मंगल कार्यालय शोधायला वेळ लागला नाही. गावंडे बाबू पंगतीत बुंदी वाढत होते. साठीच्या आसपासचे, बारीक, पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. प्रज्ञाला पाहून त्यांनी बुंदीचे ताट दुसऱ्याच्या हातात दिले.

“वानखडेची प्रज्ञा,” ते म्हणाले. “तुले अमेरिकेले जायचं होतं ना? इकडं कुठं अचलपूरले?”

तिने पत्राची हकीकत सांगितली. बाबूंनी ती उभ्या उभ्या ऐकली.

“दोन शाळा हायेत का एक, असं विचारून राहिले ते?”

“हाव.”

“कपाट एक हाय,” बाबू म्हणाले. “मीच सोडलं तुले शाळेतून आन् मीच घेतलं कॉलेजात. मंगळवारी सोडलं, गुरुवारी घेतलं. मधात बुधवारी तुहा बाप पेढे घेऊन आला होता. मी मनलं, वानखडे, अजून नाव लागलं नाई, पेढे कायचे? तो मने, तुमी लावालच.”

मी त्यांना विचारले, उद्या सकाळी भातकुलीला येता येईल का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले.

“तुमी कोन?”

“भाषांतर मी केलं. चूक माझी आहे.”

“हं,” बाबू म्हणाले. “मंग जेवून घ्या पहिले. चूक करनाऱ्यानं उपाशी राहून फायदा नाई. उद्या आठ वाजता फाटकापाशी या.”

आम्ही जेवलो. नवरा-नवरीची नावे मला शेवटपर्यंत कळली नाहीत, पण वरपक्षाकडल्या एका बाईंनी मला आग्रहाने दोनदा बुंदी वाढली.

सकाळी आठला बाबू फाटकापाशी होते. लग्नघरातून पहाटेच्या गाडीने आले होते. त्यांनी कपाट उघडले, दोन जाड नोंदवह्या काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. अनुक्रमणिका न पाहता दोन्ही वह्यांत प्रज्ञाचे पान काढले. पहिल्या वहीत नाव, जन्मतारीख, प्रवेश पाचवीत, सोडल्याची तारीख. दुसऱ्या वहीत तेच नाव, तीच जन्मतारीख, प्रवेश अकरावीत. अक्षर एकच होते. तपासणी संस्थेच्या माणसाने हे टेबल पाहिले असते तर त्याला कोणाचेच भाषांतर लागले नसते.

मग आपण त्याला हे टेबलच दाखवू, असे माझ्या मनात आले. दोन उघड्या वह्यांचा एक फोटो घेतला. फाटकावरच्या दोन ओळींच्या नावाचा दुसरा. वर्तमानपत्राच्या सवयींतली ही एक मात्र उपयोगी पडली.

पत्राचा मसुदा मी तिथेच बसून केला. शाळेच्या प्रकाराचे एकही इंग्रजी नाव त्यात वापरायचे नाही असे ठरवले. संस्थेचे नाव फाटकावर आहे तसे रोमन अक्षरांत. त्याखाली वय आणि वर्षे. पहिली ते चौथी, चार वर्षे, गावातली जिल्हा परिषदेची शाळा. पाचवी ते दहावी, सहा वर्षे, ही इमारत. अकरावी आणि बारावी, दोन वर्षे, हीच इमारत. एकूण बारा. दहावीला आणि बारावीला परीक्षा राज्य मंडळाची. दहावीनंतर नाव एका वहीतून दुसऱ्या वहीत जाते, हा राज्यातला सर्वत्र चालणारा नियम आहे आणि तेव्हा नवा दाखला द्यावा लागतो. दोन्ही विभागांचा प्रमुख एकच आहे.

मुख्याध्यापक स्कूटरवर आले. पत्र वाचले, चष्मा काढला, पुन्हा वाचले.

“याच्यावर शिक्का कोणता मारू?” त्यांनी विचारले. “मुख्याध्यापक की प्राचार्य?”

“दोन्ही,” मी म्हटले.

“एका पत्रावर दोन शिक्के? असं कधी केलं नाही मॅडम. तपासणीत विचारतील.”

टेबलाच्या एकाच खणातून बाबूंनी दोन्ही शिक्के काढले आणि स्टँप-पॅड उघडून पुढे सरकवले. “विचारतीन तं सांगू, मानूस एकच हाय,” ते म्हणाले. “आपन तेच तं लिहून देऊन राहिलो.”

मुख्याध्यापक हसले. त्यांनी एकच सही केली आणि तिच्या दोन बाजूंना दोन शिक्के मारले. पत्र, फोटो, दोन्ही वह्यांच्या पानांच्या साक्षांकित प्रती आणि माझे रेघ मारलेले भाषांतर एका पाकिटात गेले. पाकिटाच्या तोंडावर बाबूंनी तीन ठिकाणी शिक्का मारला. एक पुरला असता, पण “तिकडं पावसापान्याचं सांगता येत नाई” असे त्यांचे म्हणणे पडले. त्याच दुपारी प्रज्ञाने ते पाकीट अमरावतीहून कुरिअरने पाठवले आणि रात्रपाळीसाठी अकोल्याला परत गेली.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. तिचा रोज सकाळी पाळी संपल्यावर फोन यायचा, “काही आलं का मॅडम?” पत्र तिच्याकडेच येणार होते हे दोघींनाही माहीत होते. तरी ती विचारायची आणि मी नाही म्हणायची. एकदा तिने फोन केला नाही. त्या दिवशी मी केला. अतिदक्षता विभागात एक पेशंट गेला होता आणि ती नातेवाइकांपाशी थांबली होती.

परीक्षेच्या निकालाची मुदत संपायला नऊ दिवस असताना उत्तर आले. दोन वाक्ये होती. कागदपत्रे परस्परांशी जुळतात. अर्ज पुढील टप्प्यासाठी पाठवला आहे. रेघेबद्दल, फोटोंबद्दल, दोन शिक्क्यांबद्दल एक शब्दही नव्हता. माझ्या शिक्क्याचे बाकीचे कागदही अडले नाहीत.

प्रज्ञा अमेरिकेला गेली त्या वर्षापासून माझी पद्धत बदलली. भाषांतरात आधी मूळ शब्द येतो, रोमन अक्षरांत. कॉन्व्हेंट असेल तर कॉन्व्हेंट, विद्यालय असेल तर विद्यालय, आश्रमशाळा असेल तर आश्रमशाळा. त्याखाली दोन ओळींत त्या शाळेत कोणत्या वयाची मुले जातात, किती वर्षे शिकतात, परीक्षा कोण घेते. आणि सही करण्याआधी मी समोरच्या माणसाला विचारते, तुम्ही अर्जात काय लिहिले आहे, आणि घरी त्या शाळेला काय म्हणता? लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. वाचक थोडा अडखळतो, हे मला माहीत आहे. अडखळला की तो खालच्या दोन ओळी वाचतो. वृत्तसंपादक आज हयात असते तर हे मी त्यांना सांगितले असते. ते वाद घालत बसले असते, आणि शेवटी चहा मागवला असता.

या कामाने मला काय दिले, असे कोणी विचारले तर माझ्यापुढे ती खोली येते. एक कपाट, दोन वह्या आणि अनुक्रमणिका न पाहता पान काढणारा माणूस. गावंडे बाबू आता निवृत्त झाले. त्यांनी किती मुलांना एका वहीतून काढून दुसऱ्या वहीत घातले असेल, याची नोंद कुठेच नाही. मी भाषांतर केलेल्या पुष्कळ दाखल्यांवर त्यांचे अक्षर आहे. ते दिसले की मी त्या कागदाला जरा जास्त वेळ देते.

प्रज्ञाला जाऊन काही महिने झाले होते. एका दुपारी तिचे वडील माझ्याकडे आले. उंच, निवृत्तीनंतरही खाकी पँट घालणारे. दाराशी चप्पल काढून ते उभेच राहिले. मी बसा म्हटले तेव्हा बसले.

“मॅडम, त्या कागदाची एक झेरॉक्स पाह्यजे होती,” ते म्हणाले. “पोरीच्या. ज्याच्यावर कॉलेज लिहिलं.”

मी फाइल काढली. रेघ मारलेल्या भाषांतराची माझ्याकडची प्रत पहिल्याच पानावर असते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पान खिडकीकडे धरले आणि रोमन अक्षरांवरून बोट सरकवत सरकवत वाचले. क-नि-ष्ठ. म-हा-वि-द्या-ल-य. मग बोट डावीकडे, रेघेपाशी आले.

“हे काय होतं पहिले?”

“ती माझी चूक, वानखडे भाऊ.”

त्यांनी रेघेखालच्या शब्दावरून बोट फिरवले.

“खोडली बराबर नाई तुमी,” ते म्हणाले. “वाचता येऊन राहिली अजून.”

“हो,” मी म्हटले. “तुमच्या मुलीनं तशीच ठेवायला सांगितली.”

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “मंग झेरॉक्स जरा गडद काढा,” ते म्हणाले. “रेघही आली पाह्यजे.”